पेनाबरोबरची वही

दुकानदारानं वही उघडून समोर सरकवली, आणि तिच्या तिसऱ्या पानावर माझी सही होती. एक नाही, सहा. एकीखाली एक, शाळेतल्या मुलाकडून शिक्षा म्हणून काढून घ्याव्यात तशा. त्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं आणि त्यालाही जेमतेम दहा मिनिटं झाली होती. त्यातली पाच तर दारातल्या पायपुसण्यावर, आत जावं की परत फिरावं या घोळात गेली होती. काउंटरवर निळ्या मखमलीच्या तुकड्यावर ते पेन आडवं पडलं होतं, काळं, जाड, सोन्याच्या निबचं. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. ती ऐकल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण म्हातारा दुकानदार घाईघाईनं म्हणाला, "आधी लिहून तर बघा, साहेब. लिहून बघायला पैसे पडत नाहीत." मग त्यानं ड्रॉवरमधून ती वही काढली. भारी पेनांपैकी प्रत्येकाची त्याच्याकडे वेगळी वही असते म्हणे. ज्यानं ज्यानं ते पेन चालवून पाहिलं त्याचं लिखाण त्या वहीत राहतं. म्हातारा बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकतो, निब धुतो आणि पेन परत मखमलीवर ठेवतो. पेन विकलं गेलं की वहीही त्याच्याबरोबर जाते. "घेणाऱ्याला कळायला नको का, आपल्या आधी हे कुणाकुणाच्या हातात होतं ते?" तो म्हणाला. एवढी चौकशी लोक स्थळ बघतानाही करत नाहीत, असं मी म्हणणार होतो. पहिल्या पानावर कुणी बाराखडी काढली होती, दुसऱ्यावर कुणी नुसतं 'ठीक आहे' एवढं लिहून काढता पाय घेतला होता. आणि मग तिसरं पान.

मी कशासाठी आलो होतो ते सांगायला हवं. माझा धंदाच सह्यांचा. एकोणतीस वर्षं सरकारी खात्यात बसून मी एकच काम करतोय. वादातली सही समोर येते, तिच्याशेजारी त्या माणसाच्या निर्विवाद सह्या मांडायच्या, भिंग लावायचं, आणि लिहून द्यायचं, अस्सल की बनावट. माझ्या एका ओळीवर माणसं सुटतात, माणसं आत जातात. पण गेली दोन वर्षं माझी स्वतःचीच सही मला धड येत नाही. अहवाल सगळा सरळ, सुरेख अक्षरात लिहितो, आणि खाली सही करायला पेन टेकवलं की हात अडतो. थरथरतो. जे उमटतं ते पाहून मी स्वतःच 'बनावट' असा शेरा मारला असता. मेंदूच्या डॉक्टरनं हातोड्या मारून, सुया टोचून झाल्यावर सांगितलं, हात ठणठणीत आहे. ठणठणीत हाताचं मी काय लोणचं घालू? गेल्या महिन्यात भर कोर्टात एक वकील म्हणाला, "ज्यांना स्वतःची सही दोनदा सारखी करता येत नाही, ते माझ्या अशिलाच्या सहीबद्दल सांगायला आलेत." सगळे हसले. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी बोलावलं. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून खात्यात सगळे त्यांना टाचणी म्हणतात. टाचणीनं सांगितलं, पुढच्या एक तारखेपर्यंत सही ताळ्यावर आली नाही तर अहवालांवर सहीचा अधिकार तुमच्या हाताखालच्या माणसाकडे जाईल, तुम्ही आत बसून सह्यांचे नमुने लावा. एकोणतीस वर्षांनंतर नमुने लावा. मग कुणीतरी सुचवलं, वजनदार पेन घ्या, जड पेनानं हात स्थिर राहतो. बुडत्याला काडीचा आधार. म्हणून मी या रस्त्यावर आलो. नाहीतर हा रस्ता मी दोन वर्षं टाळत होतो, कारण दुकानाच्या मागच्या बाजूलाच ते हॉस्पिटल आहे.

"ही सही कुणी केली?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला. म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला, वहीवर वाकला आणि चक्क खूश झाला. "या ना? एक बाई आल्या होत्या. नवऱ्यासाठी बघतेय म्हणाल्या, त्यांच्या सहीला हे कसं दिसेल ते बघू द्या. मी म्हटलं, बघा की. किती वेळ बसल्या होत्या! एकेक सही करायच्या, लांब धरून बघायच्या, परत करायच्या. हौशी बाई. पण किंमत झेपली नाही हो. शेवटी पोलादी निबचं एक साधं घेऊन गेल्या. म्हणाल्या, याचीही रेघ तेवढीच जाड येते."

खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते लपवायला मी वहीवर आणखी वाकलो. माझी बायको. सत्तावीस वर्षांत स्वतःसाठी एक धड चप्पल न घेणारी, तुटलेलं बटण सापडलं की महिनाभर वाटीत जपून ठेवणारी बाई या काचेच्या दुकानाची पायरी चढली होती, या मखमलीपुढे बसली होती, माझ्यासाठी. परवडलं नाही म्हणून साधं घेतलं, आणि ते साधं द्यायची तिला लाज वाटली असणार, कारण ते माझ्या हातात कधी आलं नाही. कुठल्यातरी ट्रंकेत पडलं असेल. मी ठरवून टाकलं. हे पेन घ्यायचं. घरी नेऊन तिच्यासमोर ठेवायचं आणि म्हणायचं, बघ, तुझी निवड. त्या क्षणी ते पेन मला तीन पगारांना स्वस्त वाटलं. हात खिशाकडे गेलासुद्धा. पण डोळ्यांना खोड वाईट. एकोणतीस वर्षं कुठल्याही कागदावर ते आधी तारीख शोधतात. पानाच्या कडेला पेन्सिलीची बारीक तारीख होती, आणि ती तारीख माझ्या आईच्या मृत्यूची होती.

त्या दिवशी सकाळी बायको मला म्हणाली होती, "घरी जाऊन आंघोळ करून येते." मी मान हलवली. आई आठवडाभर श्वासाच्या यंत्रावर होती. छाती यंत्रानं हलायची, पंप मारल्यासारखी, आणि मी तिचे पाय हातात धरून तासन् तास बसायचो. तिचे पाय गार पडू द्यायचे नाहीत, एवढाच एक निर्धार माझ्यात उरला होता. डॉक्टर रोज एक कागद घेऊन यायचे. यंत्र काढण्याची संमती. मुलगा मी एकटाच, तेव्हा सही माझीच हवी. ते समजावून सांगायचे, यातून त्या परत येणार नाहीत, हे नुसतं लांबवणं आहे. मी चार दिवस नाही म्हणालो. पाचव्या दिवशी मला सडकून ताप भरला. दुपारी नर्सनं गोळी दिली, मी बाहेरच्या बाकावर आडवा झालो, आणि जाग आली तेव्हा बायको शेजारी बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, आई गेल्या. पाच वाजता. यंत्र काढल्यावर दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी म्हटलं, यंत्र कुणी काढलं? ती म्हणाली, "तुम्ही सही केलीत ना. दुपारी. कागद वाचलात, मान डोलावलीत, सही केलीत आणि मग झोपलात. तापात होतात, आठवत नसेल. नाही आठवत तेच बरं." मग तिनं कागदाची प्रत दाखवली. खाली माझी सही होती. माझ्याच पेनासारखी जाड रेघ, शेवटचं शेपूट वर उडालेलं. मी एकदा पाहिलं, कागदाची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. त्यानंतर मी तो कधी उघडला नाही. माझ्या हातानं आईचा श्वास थांबवला आणि त्या हाताला ते आठवतसुद्धा नाही, या एका गोष्टीभोवती मी दोन वर्षं फिरतोय. रोज. जेवताना घास तोंडाशी नेतो तेव्हा हात दिसतो. दाढी करताना आरशात हात दिसतो. आणि सही करायला पेन टेकवलं की वाटतं, हाच हात, हीच सही, आता कुणाचं काय संपवणार?

"साहेब, पाणी देऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, भिंग आहे का? पेनाच्या दुकानात भिंग असतंच. त्यानं निब तपासायचं छोटं भिंग दिलं आणि मी दुकानाच्या काउंटरवर ऑफिस थाटलं. पहिली सही बाळबोध होती. सावकाश, जपून, जणू गार पाण्यात पाय घातल्यासारखी. सुरुवातीला शाईचा एक ठिपका. तो ठिपका मी जगात कुठेही ओळखीन. माझी बायको पेन आधी टेकवते, क्षणभर थांबते, मग निघते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावरच्या चिठ्ठीत तो आहे, मीठ असो की साखर. दुसऱ्या सहीत ठिपका तसाच, पण वळणं सुधारलेली. तिसरीत मधेच पेन उचललं होतं, ती फसली. चौथीपासून वेग आला. पाचवीत ठिपका बारीक झाला. सहावीत नव्हता. सहावी सही एका दमात गेली होती, रेघ दाबाच्या जागी रुंद, सुटण्याच्या जागी निमुळती, शेपूट हवेत. सहावी सही माझी होती. कोर्टात समोर आली असती तर मी 'अस्सल' म्हणून लिहून दिलं असतं आणि शपथेवर सांगितलं असतं.

आणि हे तिला शिकवलं कुणी? मीच. लग्नानंतरच्या वर्षांत माझ्याकडे बोलायला दुसरं होतं काय? ती भाजी निवडायची, मी खुर्चीत बसून अकलेचे तारे तोडायचो. खोटी सही करणारा कशानं सापडतो, सांग बघू? आकारानं नाही, आकार कुणीही गिरवेल. तो सापडतो सावकाशीनं. भीतीनं हात जपून चालतो, म्हणून रेघ कापते. जो न भिता भरकन करील त्याला धरणं महाकठीण. शिवाय पेन बदललं की रेघ बदलते, अर्धे लोक तिथेच पकडले जातात. ती ऐकायची. कधी हसून म्हणायची, "मला काय करायचंय असल्या चोरीचं?" आणि तिनं ऐकलेलं सगळं जपून ठेवलं, बटणासारखं. माझं पेन माझ्या खिशातून निघत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तशीच जाड रेघ शोधायला ती इथे आली. यंत्रावर पडलेल्या माझ्या आईला मागे ठेवून, आंघोळीला जाते असं सांगून, शांतपणे बसून सहा सह्या केल्या. आणि सावकाशीची भीती सहाव्या सहीत गेली तेव्हा उठली. सातवी केली ती त्या संमतीच्या कागदावर, मी तापात झोपलेला असताना. गुरूची विद्या गुरूला.

पण मला त्या सहीचं एवढं नाही लागलं. खरं सांगतो. माझ्या जागी तिनं ठरवलं, तेही मी एकवेळ गिळलं असतं, कारण डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि मला ते कळत होतं. मला लागलं ते पुढचं. दोन वर्षं ही बाई माझ्याशेजारी झोपते. मी दचकून उठलो की पाठीवर हात फिरवते. मी म्हणतो, मी मारलं गं तिला, आणि ती म्हणते, "तुम्ही योग्यच केलंत." किती वेळा म्हणाली असेल? दोनशे? केलं तिनं, आणि ओझं माझ्या डोक्यावर ठेवून वरून मानेला तेल चोळत बसली. मी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बरोबर आली. कोर्टात हसं झालं त्या दिवशी माझ्याबरोबर तीही जेवली नाही. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती तर हा हात सुटला असता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर ओरडलो तरी असतो. ओरडायचं कुणापुढे, तर तिच्याचपुढे, अशी माझी सवय.

"चालवून बघताय ना?" म्हाताऱ्यानं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. जड होतं, थंड होतं. मी सहाव्या सहीखाली ते टेकवलं आणि सही केली. हात अडला नाही. मी परत केली. नाही अडला. तिसरी तर बघतासुद्धा नव्हतो, खिडकीबाहेर बघत केली आणि ती जशीच्या तशी उतरली, दोन वर्षांपूर्वीची, शेपूट वर उडवणारी. म्हातारा टाळी वाजवायचाच बाकी राहिला. "बघा! म्हटलं नव्हतं? पेनच तसं आहे." मी खिशातलं माझं जुनं पेन काढलं आणि त्यानंही केली. तीही उतरली. त्याचा चेहरा जरा पडला. मला मात्र आनंद व्हायला हवा होता, नोकरी राहिली, अब्रू राहिली. झाला नाही. हात निर्दोष ठरला होता, एवढंच.

मी म्हटलं, मला हे एक पान फाडून द्या. म्हातारा दोन पावलं मागे सरला. "भलतंच. या वह्यांतलं पान मी वडिलांच्या वेळेपासून कुणाला दिलेलं नाही." मी म्हटलं, पैसे देतो. "पैशाचा प्रश्न नाही, साहेब. पेन घ्या, वही आपोआप तुमची होते." आता त्या पेनाचा मला काडीचा उपयोग नव्हता, आणि आता मला ते घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी उभा राहून हिशेब करत होतो. तीन महिन्यांचा पगार कशाला मोजायचा? पानाशिवाय घरी गेलो तर ती म्हणेल, तापात होतात, नाही आठवत तेच बरं. आणि मी ऐकेन. ऐकायची मला इतकी सवय आहे की माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायलाही मला पुरावा लागणार होता. एकोणतीस वर्षं मी पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरलेलं नाही, तिला तरी का धरावं? मी मुदत ठेव मोडायचं ठरवून कार्ड पुढे केलं. म्हाताऱ्यानं पेन डबीत घातलं, वही ब्राउन पेपरमध्ये बांधली. "बाईंना आवडेल," तो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा ती गॅसजवळ उभी होती, चहाचं पाणी ठेवत. मी बूट न काढता आत गेलो आणि वही ओट्यावर उघडून ठेवली. तिनं हात पुसले, वाकून पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाकारेल, निदान दचकेल. तिनं फक्त गॅस बारीक केला.

"आईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्यांना बोलता येत नव्हतं, तर माझ्या तळहातावर बोटानं लिहायच्या. 'पुरे.' तीन दिवस एकच. पुरे, पुरे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुमचा हात त्यांच्या बोटाखाली धरला होता मी. तुम्ही म्हणालात, हे अक्षर नाही, नुसता झटका आहे. अक्षरातलं तुम्हाला कळतं, मला कुठे कळतं?"

मला आठवलं. गार बोट, तळहातावर वाकडंतिकडं फिरणारं, आणि माझा तो ऑफिसातला आवाज. आईचं शेवटचं लिखाण माझ्याकडे तपासायला आलं होतं आणि मी ते नामंजूर केलं होतं. पण म्हणून माझा राग विझला नाही, उलट त्याला आता उभं राहायला जागा उरली नाही म्हणून तो आणखी भडकला.

"ते जाऊ दे. नंतरची दोन वर्षं? दोन वर्षं मला जळू दिलंस?"

आता ती खरोखर गोंधळली. "म्हणजे? तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, मला वाटलं, तुम्ही कागद बघितलात तेव्हाच ओळखलंत. घडी केलीत, खिशात घातलीत, एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्यासाठी तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. म्हणून तर म्हणायचे, योग्यच केलंत. मी मारलं म्हणायचात, तेही मला सांभाळून घ्यायलाच म्हणताय असं वाटायचं. जगातल्या सगळ्यांच्या सह्या भिंगाखाली घालता तुम्ही. हा एक कागद एकदाही धरला नाहीत? का नाही धरलात?"

"तू सांगितलंस ना," मी म्हणालो, "मी केली म्हणून."

चहाचं पाणी उकळून आटत होतं, पण दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.